कुंपणाच्या बाहेरून

डब्याचं झाकण टक्कन बसलं आणि मी ओट्यापाशीच थिजून उभी राहिले. एवढ्याशा आवाजानेही माझी लेक आनिवा उठते. उठली की पायाला मिठी, मग दूध, मग माझ्याच मांडीवर बसून पिणार म्हणून रडणं. पण आतून काही हालचाल झाली नाही. मी श्वास सोडला आणि ओट्याची कड धरून मळमळ ओसरायची वाट पाहत राहिले.

तामाती अंधारातच गेला होता. तो दुधाचा टँकर चालवतो, आणि गायी नुकत्याच व्यायला लागल्या असल्यामुळे त्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या. एका परीने बरंच होतं. घरात असता तर सकाळी सकाळी बेसिनवर वाकलेली बायको त्याला दिसली असती, आणि त्याने विचारलं असतं.

त्याला मी काही सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी मात्र सगळ्यांना सांगितलं होतं. त्याच्या आईला, शेजारच्यांना, आनिवाच्या बालवाडीतल्या बाईंना. तामातीची पाएआ आत्या तर भर सभेत उठून बोलली होती. आनिवाने येणाऱ्या बाळासाठी आपल्या कपाटातला खालचा कप्पा रिकामा केला होता. आणि मग एके दिवशी ते राहिलं नाही, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना एकेकाला पुन्हा सांगावं लागलं. दुकानात दुधाची बाटली हातात घेऊन उभी असताना कुणीतरी पोटाकडे बघून हसायचं, आणि मला तिथेच उभं राहून ते हसू पुसावं लागायचं. म्हणून या खेपेला कुणालाच नाही. डॉक्टरला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मळमळीवर म्हणून जॅकेटच्या उजव्या खिशात ठेवलेल्या आल्याच्या बिस्किटांना माहीत होतं.

आनिवाला बालवाडीत सोडून मी कामावर पोचले, तेव्हा वारा दक्षिणेकडून फिरायला लागला होता.

आमची कंपनी म्हणजे ग्रेम आणि मी. हमरस्ता जिथून जायचा किंवा जंगल जिथे तोडायचं, तिथे आम्ही आधी चालून येतो. जमिनीच्या वरचं सगळं ग्रेमकडे: गवतातले सरडे, ओढ्यातले मासे, पाणथळीतले पक्षी. जमिनीच्या खालचं माझ्याकडे. या किनाऱ्याला वाळूच्या टेकड्यांतून नवा रस्ता चाललाय, आणि या टेकड्यांत माणसं कितीतरी पिढ्या राहिलेली आहेत. शिंपल्यांचे ढीग तर पावलोपावली लागतात. म्हणून पोकलेन जिथे खोदतं तिथे एका बाजूला मी उभी असते आणि दुसऱ्या बाजूला, घडीच्या खुर्चीत, गळ्यात लाल रुमाल, मांडीवर शाल आणि पायाशी चहाचा थर्मास ठेवून पाएआ आत्या. तिच्या लोकांच्या वतीने प्रत्येक बादलीवर लक्ष ठेवणं हे तिचं काम. जमीन त्यांची, पूर्वज त्यांचे. मी त्या घरात लग्न करून आलेली गोरी सून. कामावरसुद्धा ती मला सगळ्यांदेखत सूनबाई म्हणते, आणि मी लाजते ते बघायला तिला आवडतं.

दर सोमवारी नव्या कामगारांना मीच नियम सांगते. हाड दिसलं की यंत्र बंद, हात मागे, मला हाक. मग आम्ही कुंपण घालतो. ती जागा तापू होते, म्हणजे पवित्र आणि निषिद्ध. कुंपणाच्या आत खायचं नाही, प्यायचं नाही, सिगारेट नाही, खिशात चॉकलेटसुद्धा नाही. बाहेर येताना पाण्याने हात धुवायचे. आणि कुणी पोटुशी असेल तर तिने हाडांजवळ जायचं नाही. कारण सांगायची गरज नाही, नुसतं मी येत नाही म्हणायचं. हे सगळं मी इतक्यांदा बोललेय की बोलताना मनात भाजीची यादी करू शकते.

त्या दिवशी सकाळी रस्त्याखालच्या मोरीच्या खड्ड्यात लोटूची बादली अर्ध्यात थांबली. लोटू टोंगा बेटांवरचा, दाराच्या चौकटीएवढा माणूस, आणि पोकलेन असं चालवतो की वाटावं केस विंचरतोय. त्याने इंजिन बंद केलं आणि काच सरकवून मला नुसतं बोटाने दाखवलं.

मी खाली उतरले. कापलेल्या वाळूच्या भिंतीत तपकिरी काहीतरी गोल दिसत होतं. मूळ असेल, मी म्हटलं. मूळच असू दे. मी गुडघ्यावर बसले आणि अंगठ्याने वाळू बाजूला केली. माझा हात आधी गेला, डोकं मागून आलं. मांडीच्या हाडाचं वरचं टोक हाताला ओळखता येतं, त्याला बघावं लागत नाही.

"आहे का?" वरून आत्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि हात तसाच हवेत धरून राहिले. तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. कुंपण, फोन, पोलीस. पोलीस पोरगा पाहून गेला, जुनं आहे म्हणाला, टोपी काढून दोन मिनिटं उभा राहिला. वस्तीतले दोन म्हातारे आले. त्यांनी कडेला उभं राहून प्रार्थना म्हटली, त्यांचा आवाज वाऱ्याने फाटत होता. मी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून कुंपणाच्या बाहेर राहिले. टेप आणते, ताडपत्री आणते, गाडीत फोन राहिला. मधेच प्लास्टिकच्या संडासात जाऊन दार लावलं आणि डाग पडलाय का ते पाहिलं. काही नव्हतं. दिवसातून कितीदा पाहते याची मला लाज वाटते, पण मागच्या वेळी ते असंच कळलं होतं, कामावर, अशाच निळ्या दाराच्या आड.

बाहेर आले तर म्हातारे निघाले होते आणि निर्णय झालेला होता. वारा वाढत होता, दुपारनंतर मोठा पाऊस येणार होता, आणि वाळूची ती भिंत आत्ताच भुरभुरायला लागली होती. पावसात ती बसली असती तर सगळंच मोडून खाली आलं असतं. म्हणून आजच उचलायचं, आणि वरच्या टेकडीवर राखून ठेवलेल्या जागेत पुन्हा नीट पुरायचं. म्हातारे ती जागा तयार करायला गेले.

"ग्रेम येईल ना?" मी विचारलं.

साइटचा इंजिनियर डेक्लन ओठ चावत उभा होता. "ग्रेम दक्षिण बेटावर सरडे पकडतोय. वाऱ्यामुळे बोटी बंद आहेत. मी दोनदा फोन केला, तो म्हणतो ब्रिडी आहे ना."

"ब्रिडी आहेच," आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाली. "तिचा हात हलका आहे. दुसरं कुणी मला नकोच होतं."

ती असं म्हणाली नसती तर कदाचित मी काहीतरी खोटं बोलले असते. पाठ धरलीय म्हटलं असतं. पण आत्याने पांढरी चादर उघडली होती, गवताच्या पात्यांची विणलेली टोपली शेजारी ठेवली होती, आणि माझ्याकडे बघून मान हलवली होती. भिंतीतून वाळूचा एक पट्टा सरसर खाली आला. मी आत गेले. नुसती बसते, म्हटलं. मोजमाप घेते. हात लावत नाही. शिकलेली बाई आहेस तू, म्हटलं. हाडात काय असतं? कॅल्शियम असतं.

नाक वाहत होतं म्हणून मी खिशातून रुमाल ओढला, आणि त्याच्याबरोबर एक अर्धं बिस्किट बाहेर आलं आणि चादरीवर पडलं.

 लोटूने खाली पाहिलं.

"हे काय?" आत्याने विचारलं.

"बिस्किट."

"ते मलाही दिसतंय. इथे? तुझ्या खिशात?"

"चुकलं, आत्या."

"चुकायला तू काही काल आली नाहीस. तो ट्रकवाला पोरगा च्युइंगम चघळत होता म्हणून त्याला भर उन्हात गेटपर्यंत चालत पाठवलंस तू. थुंकून ये म्हणालीस. मी तेव्हा म्हटलं, माझ्या घरातली आहे खरी. आणि आता हे?"

"विसरले."

"भूक लागली होती?"

"नाही."

"मग?"

 आत्याने वाकून ते बिस्किट उचललं, टाकायला म्हणून, आणि हात नाकाजवळून जाताना थांबला. तिने पाच पोरं वाढवलीत. तिने बिस्किटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आल्याचं," ती म्हणाली.

पुढच्या क्षणी तिने माझा दंड धरला होता. गुडघे दुखतात म्हणून ती बाई पायरीसुद्धा कण्हत चढते, पण मला तिने त्या खड्ड्यातून वर आणि कुंपणाच्या बाहेर असं काही ओढत नेलं की माझं हेल्मेट मागे पडलं. गेटपाशी पाण्याचा कॅन होता. तिने माझे हात धुतले, मनगटं धुतली, मग ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर टाकलं. पाणी थंडगार होतं आणि तिचे ओठ हलत होते. संपल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "किती?"

"मागचं ज्या आठवड्यात गेलं, तिथवरही अजून पोचले नाही."

"तामातीला?"

"नाही."

"सकाळी हात लावलास?"

"हाड आहे हे कळायच्या आधी."

"मला सांगायचं होतंस."

"आत्या..."

"मी इथे कशाला बसते? पक्षी मोजायला? तुला त्यापासून लांब ठेवणं माझं काम होतं. माझ्या डोळ्यांदेखत तू जाऊन गुडघे टेकलेस आणि मला पत्ता नाही. मी काय कर्णा घेऊन फिरले असते गावभर?"

"मागच्या वेळी फिरलीसच की."

हे मी बोलायला नको होतं. तिचा चेहरा पडला. वाऱ्याने तिची शाल उडत होती, ती तिने बराच वेळ नीट केली.

"हो," ती म्हणाली. "फिरले."

"काही होईल का गं?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं. डॉक्टरला मी हे विचारलं असतं तर ती हसली असती, आणि ग्रेमने भुवया वर केल्या असत्या. पण तिथे ते दोघं नव्हते.

"मी डॉक्टर आहे?" आत्या म्हणाली. मग माझ्या गालावरचं पाणी तिने शालीने टिपलं. "मी आमच्या पूर्वजांशी बोलेन. तू कोण ते सांगेन. सून आहे, मुद्दाम नाही केलं, म्हणेन. ते काही परके नाहीत. पण तू आता आत यायचं नाहीस."

"मग उचलणार कोण? पाऊस येतोय."

"तू सांग, मी करते."

"तुझे गुडघे?"

आत्याने वळून खड्ड्याकडे हाक मारली. "लोटू!"

त्याला सगळं कळलेलंच होतं. तो वर आला आणि माझ्याकडे बघायचं टाळत उभा राहिला. "आत्या, माझे हात बघ," तो म्हणाला. "या हातांनी मी चमचे वाकवतो."

"नाताळात पोकलेनच्या बादलीने अंडं उचललं होतंस."

"ते मशीन होतं. मशीनचे हात थरथरत नाहीत."

"थरथरू देत," आत्या म्हणाली. "हळू होईल काम."

मला तिने कुंपणाच्या बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पिकअपच्या आडोशाला खुर्चीत बसवलं, खड्ड्याकडे पाठ करून. स्वतःची शाल माझ्या मांडीवर टाकली. डेक्लनने त्याचा वॉकीटॉकी माझ्या हातात दिला आणि काही न विचारता आपलं जॅकेट माझ्या खांद्यावर घातलं. समोर समुद्राच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं होतं. पाठीमागचं मला काही दिसत नव्हतं, फक्त कानाशी खरखर.

"बॉस, बसलो," लोटूचा आवाज आला. "आता?"

"बांबूची काडी घे. थापी नाही. हाडाच्या बाजूची वाळू काढ, हाडाची नाही. वरून खाली ये."

"आलो."

"ओढायचं नाही. काहीच ओढायचं नाही. सुटलं की ते आपोआप सैल लागतं."

"लागतंय."

"दोन्ही तळवे खाली घाल. आत्या, तू चादर त्याच्या हाताखाली धर."

"धरलीय. मला शिकवू नकोस, मी लहान पोरांना आंघोळी घातल्यात," आत्या म्हणाली, आणि मागून डेक्लन हसल्याचा आवाज आला, तो लगेच थांबला.

असं चाललं होतं. पाय, मग कंबर. आत्या हळू आवाजात सारखं काहीतरी म्हणत होती, गाणं आणि बोलणं यांच्या मधलं. लोटू श्वास रोखून काम करत होता, प्रत्येक वेळी सोडायचा तेव्हा वॉकीटॉकीत वारा शिरल्यासारखं वाजायचं. कुशीवर झोपवलंय, तो म्हणाला. गुडघे पोटाशी घेतलेत. कंबरेच्या हाडाची रुंदी मी त्याला बोटांनी मोजायला लावली आणि त्याने सांगितल्यावर मला कळलं. बाई होती. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिले थेंब पडले.

"आता बरगड्या," मी म्हटलं. "त्या नाजूक असतात. आधी हात कसे आहेत ते सांग."

"हात पुढे घेतलेत, बॉस. दोन्ही. असे... काहीतरी धरल्यासारखे." मग तो थांबला. काडीचा आवाजही थांबला. "आत्या," तो हळूच म्हणाला, "इथे अजून..."

खट्. वॉकीटॉकी बंद झाला.

मी बटण दाबलं. "लोटू? काय आहे? आत्या?"

काही नाही. शालीखाली माझा हात पोटावर गेला होता, तो कधी गेला मला आठवत नाही. वळू नकोस, मी स्वतःला म्हणत होते, तुला सांगितलंय वळू नकोस. पावसाचा पिकअपच्या टपावर ताशा वाजायला लागला. डेक्लन ताडपत्री धरायला खड्ड्याकडे पळाला. कितीतरी वेळाने खरखर परत आली.

"झालं," आत्याचा आवाज. "वरचं आम्हाला जमलं. तू अगदी नीट सांगितलंस."

"आत्या, लोटू काय म्हणत होता?"

"काही नाही. शिंपले होते."

"किती जण होते?"

ती म्हणाली, "एकच. एकच होती, पोरी."

ती बाई आहे असं मी सांगितलंच नव्हतं.

आणि मग मी वळले. टेकडीच्या वाटेवर आत्या आणि डेक्लन दोघांमध्ये टोपली धरून चालले होते, वर पांढरी चादर. त्यांच्या मागे लोटू, उघड्या डोक्याने, पावसात. त्याने आत्याच्या गळ्यातल्या लाल रुमालाची छोटी पुरचुंडी ओंजळीत धरली होती, आणि ओंजळीवर तो इतका वाकला होता की त्याच्या पाठीवरून पाणी वाहत होतं आणि हातांवर एक थेंब पडत नव्हता. एवढा मोठा माणूस एकेक पाऊल चाचपून टाकत होता.

मी पुन्हा समोर तोंड करून बसले.

खाली आल्यावर त्या सगळ्यांनी गेटपाशी हात धुतले. लोटूने बराच वेळ धुतले, मग तो त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसला आणि आतून भजनासारखं काहीतरी गुणगुणणं ऐकू आलं. आत्या माझ्याजवळ आली. तिच्या गळ्यात रुमाल नव्हता आणि मी रुमालाबद्दल विचारलं नाही.

"कागदपत्रं ग्रेम करेल," ती म्हणाली. "मी त्याच्याशी बोलते. तू वाचायची पण नाहीस."

"बरं."

"आणि आज तामातीला सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी काही बोलणार नाही, तोंड शिवून घेतलंय मी. पण एकटीने धरून बसू नकोस. ते बरं नाही."

"आणि मग नाही राहिलं तर?"

  आत्याने माझ्या जॅकेटचा खिसा उलटा केला, बिस्किटांचा सगळा चुरा जमिनीवर झटकला, आणि गाडीचं दार उघडून धरलं.

घरी पोचले तेव्हा तामाती आलेला होता आणि आनिवाला त्याने टबात बसवलं होतं. दार अर्धं लोटून तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. पाऊस खिडकीवर आडवा आपटत होता. मी बूट न काढताच आत गेले आणि त्याच्या पाठीशी उभी राहिले, म्हणजे तोंड बघावं लागणार नाही.

"मला परत दिवस गेलेत," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. तो लगेच वळला नाही. "कधीपासून माहितीय तुला?"

"आहे थोडे दिवस."

"आणि एकटीच?" त्याने सुरी खाली ठेवली. त्याच्या आवाजात राग असेल अशी मी तयारी केली होती. "मी इथेच होतो की गं," तो म्हणाला, आणि वळून त्याने मला ओल्या कपड्यांसकट जवळ घेतलं. त्याचे हात बटाट्याच्या मातीने काळे होते.

मी त्याला सकाळचं सांगितलं. हात लावलेला, बिस्किट, पाणी. लाल रुमालाचं नाही सांगितलं. 'एकच होती' असं आत्या म्हणाली, एवढंच सांगितलं. तो ऐकत राहिला. मधेच त्याने माझा उजवा हात हातात घेतला आणि अंगठा उलटा करून पाहिला, तिथे काही दिसणार असल्यासारखा.

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, सगळं ठीक दिसतंय. मागच्या वेळीही तसंच म्हणाली होती."

त्याने मान हलवली.  तेव्हा मला जाणवलं की टबातलं छपछप कधीच थांबलंय.

आनिवा दारात उभी होती. टॉवेल एका खांद्यावरून जमिनीवर लोळत होता, केसांतून पाणी निथळत होतं. तिने तिच्या बाबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या जॅकेटच्या मधल्या भागाकडे. कपाटातला तो खालचा कप्पा तिने मागच्या वर्षी स्वतःच परत भरला होता, एकेक मोजा नीट घडी करून, आम्ही कुणी सांगितलं नसताना.

"आई," ती म्हणाली, "हे बाळ राहायला येणार आहे, की मागच्यासारखं परत जाणार आहे?"